ग्रंथनगरी छांगआन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या एका मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून चीनमधील एका प्राचीन नगराविषयी बोलण्याचे मी योजले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. शताब्दीच्या प्रसंगी संस्थापकांचे स्मरण करावे, संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, ही रूढ आणि योग्य रीत आहे. ते काम या मालेतील इतर वक्ते माझ्याहून अधिक अधिकाराने करतील. माझ्या मनातला प्रश्न थोडा पुढचा आहे. ग्रंथ जमवणाऱ्या संस्थेचे शेवटी उरते काय? इमारत उरते, कपाटे उरतात, ग्रंथ उरतात, की आणखी काही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला शंभर वर्षांचा अनुभव अपुरा पडतो. दोन हजार वर्षे ग्रंथ जमवण्याचा, जाळण्याचा, गमावण्याचा आणि पुन्हा मिळवण्याचा अनुभव असलेल्या नगराकडे त्यासाठी जावे लागते. असे एक नगर म्हणजे छांगआन, आजचे शिआन.

दुसरेही एक कारण आहे. सातव्या शतकातील महाराष्ट्र कसा होता आणि आज आपण ज्या माळव्यात बसलो आहोत तो माळवा कसा होता, याचे प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेले वर्णन आपल्याला उपलब्ध आहे. ते लिहिले गेले याच छांगआन नगरात. तेव्हा विषय दूरचा दिसला, तरी तो तितकासा परका नाही.

प्रथम या नगराची भूमी पाहू. पीत नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येते आणि एका ठिकाणी काटकोनात पूर्वेकडे वळते. त्या वळणापाशी पश्चिमेकडून येणारी वेई नदी तिला मिळते. वेई नदीच्या या खोऱ्याला ग्वानझोंग, म्हणजे ‘खिंडींच्या आतला प्रदेश’, असे नाव आहे आणि ते अगदी सार्थ आहे. दक्षिणेस छिनलिंग पर्वताची रांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर ३,७०० मीटरांहून उंच आहे. उत्तरेस पिवळ्या मातीचे विस्तीर्ण पठार आहे. पूर्वेकडून येणाऱ्या सैन्याला थोंगग्वानच्या अरुंद वाटेवाचून मार्ग नाही. निसर्गानेच तटबंदी केलेले हे सुपीक मैदान साधारणपणे आपल्या श्रीनगरच्या अक्षांशावर येते. छिनलिंग ही चीनच्या उत्तर-दक्षिणेची सीमारेषा मानतात. तिच्या दक्षिणेस भाताची शेते, तर उत्तरेस गहू आणि बाजरीसारखी धान्ये.

उत्तरेकडच्या पिवळ्या मातीला भूगोलात लोएस म्हणतात. युगानुयुगे वाऱ्याने आणून टाकलेली ही माती भुसभुशीत आणि कसदार असते. नांगराला ती सोपी जाते आणि चोपून चोपून तिच्या भक्कम भिंतीही उभारता येतात. पाऊस मात्र बेताचा, वर्षाला साठ सेंटिमीटरांच्या आतबाहेर. म्हणून इ. स. पूर्व २४६ मध्येच छिन राज्याने येथे मोठा कालवा खणायला घेतला आणि त्या पाण्याच्या जोरावर खोऱ्याची कोठारे भरली. ज्याच्या हाती ग्वानझोंग, त्याच्या हाती चीन, अशी अनेक शतके स्थिती होती. चौ, छिन, हान, तांग या सर्व राजवंशांच्या राजधान्या वेईच्या काठी याच परिसरात, एकमेकींपासून थोड्या थोड्या अंतरावर वसल्या. लोएस, माती आणि लाकूड ही त्यांची बांधकामाची सामग्री. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

या भूमीतील ग्रंथांची कथा दुर्दैवाने अग्नीपासून सुरू होते. इ. स. पूर्व २२१ मध्ये सारा चीन एका छत्राखाली आणणारा सम्राट छिन शिह्वांग याची राजधानी श्येनयांग ही होती. मृत्यूनंतर आपल्या रक्षणासाठी मातीच्या हजारो सैनिकांची फौज पुरून ठेवणारा सम्राट तो हाच. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ती फौज सापडली आणि जगभर गाजली. त्याने वजने-मापे एक केली, लिपी एक केली. इतिहासकार सिमा छ्येन सांगतो की, इ. स. पूर्व २१३ मध्ये प्रधान ली स याच्या सल्ल्याने त्याने प्राचीन काव्ये आणि इतिहास यांचे लोकांजवळ असलेले ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली. वैद्यक, शकुनविद्या आणि शेती यांवरील ग्रंथ वगळले होते. दरबारी पंडितांजवळच्या प्रतीही वगळल्या होत्या. म्हणजे ग्रंथ पूर्ण नाहीसे करण्याचा विचार नव्हता. ते राजाच्या कपाटाबाहेर राहू नयेत, एवढाच होता. पण सात वर्षांनी श्यांग यू या बंडखोर सेनानीने राजधानीला आग लावली आणि ती तीन महिने जळत राहिली, असे सिमा छ्येन लिहितो. लोकांच्या प्रती आधीच जळाल्या होत्या. आता राजवाड्यातल्याही गेल्या. एकाच ठिकाणी, एकाच धन्याच्या हाती ठेवलेल्या विद्येचा शेवट कसा होतो, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच इतिहासकाराने आणखी एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. या आगीच्या थोडे आधी ल्यू बांग याचे सैन्य श्येनयांगमध्ये शिरले, तेव्हा बाकीचे सरदार सोन्या-रेशमाच्या कोठारांकडे धावले. श्याओ ह नावाचा एक कारभारी मात्र प्रधानांच्या दप्तरखान्यात गेला आणि कायद्यांची, नकाशांची, गणतीची दप्तरे गोळा करून त्याने ती सुरक्षित ठेवली. पुढे साम्राज्यासाठी लढाई झाली, तेव्हा कोणत्या खिंडी मोक्याच्या, कोणत्या प्रांतात किती घरे, कोठे लोकांचे काय दुखणे आहे, हे ल्यू बांगला त्या दप्तरांवरून कळत होते. तो हान राजवंशाचा पहिला सम्राट झाला आणि त्याच श्याओ हने वेईच्या दक्षिण काठी त्याच्यासाठी नवे राजवाडे बांधले. त्या नव्या राजधानीचे नाव छांगआन, म्हणजे ‘चिरशांती’. परंपरा असे सांगते की, वाचवून आणलेली दप्तरे ठेवण्यासाठी श्याओ हने तेथे एक ग्रंथागार बांधले आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याचा दगडी पाट फिरवला. पाट खेळवण्यामागे श्येनयांगच्या आगीची आठवण असावी.

याच हान छांगआनमधून इ. स. पूर्व १३८ मध्ये चांग छ्येन हा दूत पश्चिमेकडे निघाला आणि ज्याला आपण रेशीममार्ग म्हणतो, त्याची वाट चिनी दरबाराला माहीत झाली. ग्रंथालयाच्या सभासदांना मात्र इ. स. पूर्व २६ हे वर्ष अधिक जवळचे वाटेल. त्या वर्षी सम्राटाच्या आज्ञेवरून ल्यू श्यांग या पंडिताने राजग्रंथागारातील पोथ्या पडताळण्याचे काम हाती घेतले. बांबूच्या पट्ट्या दोऱ्याने ओवून पोथ्या होत असत. दोरे तुटत, पट्ट्या मिसळत. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर मांडायच्या, दुबार भाग काढायचा, प्रकरणांचा क्रम लावायचा, पाठ नक्की करायचा आणि शेवटी ग्रंथाचे सार लिहायचे, अशी त्याची पद्धत होती. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा ल्यू शिन याने ते काम तडीस नेऊन विषयवार सूची सिद्ध केली. ती सूचीही मूळ स्वरूपात उरली नाही. मात्र पुढच्या शतकातील ‘हानशू’ या इतिहासग्रंथात ती संक्षेपाने समाविष्ट झाली. तीत ५९६ ग्रंथकारांच्या नावावर १३,२६९ प्रकरणे नोंदलेली आहेत. त्या ग्रंथांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. ते एके काळी होते हे आपल्याला कळते, ते या सूचीमुळे. ग्रंथ गेले, पण काय गेले याची याददास्त राहिली. ग्रंथपालाच्या कामाचे मोल सांगायला एवढे पुरे आहे.

आता सहा शतके ओलांडून पुढे येऊ. इ. स. ५८२ मध्ये स्वी सम्राटाने जुन्या नगराच्या आग्नेयेस, कोऱ्या जमिनीवर, यूवेन खाय या स्थपतीकडून नवी राजधानी आखून घेतली. ६१८ मध्ये तांग राजवंश आला आणि तिला पुन्हा छांगआन हे नाव मिळाले. हे नगर पूर्व-पश्चिम साडेनऊ किलोमीटरांहून अधिक आणि दक्षिणोत्तर साडेआठ किलोमीटरांहून अधिक पसरलेले होते. क्षेत्र सुमारे ८४ चौरस किलोमीटर. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते, त्यांनी पाडलेले शंभराहून अधिक पुरे, प्रत्येक पुऱ्याला मातीची भिंत आणि वेशी. सूर्यास्ताला नगारे वाजले की वेशी बंद होत. मधला राजरस्ता सुमारे १५० मीटर रुंद होता. लोकवस्ती दहा लाखांच्या घरात असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या काळी एवढे मोठे नगर जगात क्वचितच असेल. जपानने नारा आणि क्योतो या राजधान्या आखल्या, त्या याच नमुन्यावर.

नगराच्या पश्चिम बाजारात सोग्द, इराणी, तुर्क व्यापारी असत. येथे ख्रिस्ती होते, अग्निपूजक होते. आणि येथे आपली माणसेही होती. ज्याचे वडील भारतीय होते तो कुमारजीव हा पंडित ४०१ च्या अखेरीस जुन्या छांगआनात आला आणि त्याने ‘सद्धर्मपुंडरीक’ इत्यादी ग्रंथ अशा चिनीत उतरवले की, आजही तीच भाषांतरे पठणात आहेत. तांग काळात गौतम नावाचे एक भारतीय घराणे कित्येक पिढ्या येथे नांदत होते. या घराण्यातील गौतम सिद्ध हा राजाच्या ज्योतिषखात्याचा प्रमुख होता. ७१८ मध्ये त्याने भारतीय गणितावर आधारलेले ‘नवग्रह’ पंचांग चिनीत आणले. त्यात शून्यासाठी टिंब आहे आणि ज्यांची, म्हणजे आजच्या भाषेत साइनची, सारणीही आहे. त्याने संकलित केलेल्या बृहद् ज्योतिषग्रंथात चीनच्या सर्वांत जुन्या ताऱ्यांच्या नोंदीही सुरक्षित राहिल्या. हा ग्रंथ मध्यंतरी नाहीसा झाला होता. १६१६ मध्ये तो एका बुद्धमूर्तीच्या पोटात सापडला. १९७७ मध्ये शिआनजवळ याच घराण्यातील एका पुरुषाची समाधी आणि तिच्यातील शिलालेख सापडला. पूर्वजांची भूमी दूर राहिली, तरी या कुटुंबाने परक्या नगरातील विद्येत अशी भर घातली की, त्या देशाचीही जुनी विद्या त्यांच्या हातून जगली. आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक. आपल्याला ही गोष्ट अधिक आतून कळावी.

आता ह्युएनत्संग. बुद्धग्रंथांची जी भाषांतरे चीनमध्ये होती, त्यांत परस्परविरोध फार दिसल्याने मूळ ग्रंथ पाहण्यासाठी हा तरुण भिक्षू राजाज्ञा मोडून पश्चिमेकडे निघाला. वाळवंट आणि हिमपर्वत ओलांडून तो भारतात आला, नालंदेत शिकला आणि साऱ्या देशभर फिरला. त्याने महाराष्ट्र पाहिला तो पुलकेशीच्या राज्यात. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, संकटात कोणी हाक मारली तर स्वतःचे भान न ठेवता धावून जातात आणि सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी सूचना देतात, असे तो लिहितो. उत्तरेच्या हर्षवर्धनाला हे लोक वश झाले नाहीत, हेही तो नोंदवतो. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे त्याने वर्णन केले आहे, तो विहार म्हणजे अजिंठा, असे विद्वान मानतात. तेथून नर्मदा उतरून तो भडोचला आणि पुढे मालव देशात गेला. त्या देशाच्या तेव्हाच्या सीमा आजच्या माळव्यापेक्षा पश्चिमेकडे होत्या, असे अनेकांचे मत आहे आणि उज्जयिनीचे वर्णन तो वेगळे करतो. मालवाविषयी मात्र त्याने जे लिहिले, ते येथे सांगायलाच हवे. विद्येचा खरा आदर करणारे भारतात दोनच देश : ईशान्येस मगध आणि नैर्ऋत्येस मालव.

परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना वादळाने नाव हेलकावली आणि पोथ्यांचे काही गठ्ठे वाहून गेले. ह्युएनत्संग तेथेच थांबला आणि हरवलेल्या ग्रंथांच्या नकला आणण्यासाठी त्याने माणसे पाठवली. ६४५ मध्ये तो छांगआनला पोचला, तेव्हा स्वागताला सारे नगर लोटले. वीस घोड्यांवर लादलेल्या ५२० गठ्ठ्यांमध्ये ६५७ ग्रंथ होते. सम्राटाने त्याच्यासाठी भाषांतराची व्यवस्था उभी केली. कोणी मूळ वाचून अर्थ सांगायचा, कोणी लिहून घ्यायचे, कोणी संस्कृताशी ताडून पाहायचे, कोणी चिनी शैली सफाईदार करायची, अशी कामाची वाटणी असे. एकोणीस वर्षे, ६६४ मधील मृत्यूपर्यंत, हे काम चालले आणि ७५ ग्रंथांची १,३३५ प्रकरणे चिनीत उतरली. आरंभीच्याच काळात, ६४६ मध्ये, त्याच्या सांगण्यावरून शिष्य ब्येनजी याने ते प्रवासवर्णन लिहून पुरे केले, ज्यातून आपण आत्ताच महाराष्ट्र आणि मालव पाहिले.

मूळ पोथ्यांची काळजी त्याला होतीच. माणसे आज आहेत, उद्या नाहीत. पोथ्या विखुरतील, आगीत सापडतील, या भीतीने ६५२ मध्ये त्याने सम्राटाजवळ एका मनोऱ्याची मागणी केली. त्याच्या मनात दगडी मनोरा होता. खर्च आणि वेळ पाहता सम्राटाने विटांचा मंजूर केला. त्याचा चरित्रकार सांगतो की, ह्युएनत्संग स्वतः टोपलीने विटा-माती वाहत होता. हाच शिआनचा सुप्रसिद्ध मोठा रानहंस-मनोरा. मगधातील ज्या हंसस्तूपाची कथा ह्युएनत्संगाने लिहिली आहे, तिच्यावरून हे नाव आले, असे मानतात. पहिला मनोरा पन्नास वर्षांतच ढासळला. ७०१ ते ७०४ या काळात तो नव्याने बांधला गेला आणि पुढेही अनेकदा दुरुस्त झाला. आज सात मजल्यांचा, सुमारे ६४ मीटर उंचीचा तो मनोरा उभा आहे. ६५४ मध्ये ह्युएनत्संगाने मगधातील ज्ञानप्रभ या स्थविराला पत्र पाठवले. त्यात सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी जोडून, येणाऱ्या दूताबरोबर ते ग्रंथ धाडावेत, अशी विनंती केली. एका ग्रंथालयाने दुसऱ्याकडे केलेली ही मागणी हिमालय ओलांडून गेली होती!

श्रोतेहो, त्या ६५७ पोथ्यांचे पुढे काय झाले? ज्या मनोऱ्यात त्या जपायच्या, तो मनोरा टिकला; पोथ्यांचा तो संग्रह टिकला नाही. नालंदेतील ग्रंथही नष्ट झाले. उरले ते चिनीत उतरलेले. ‘महाविभाषा’ हा दोनशे प्रकरणांचा प्रचंड ग्रंथ संपूर्ण स्वरूपात केवळ ह्युएनत्संगाच्या भाषांतरात शिल्लक आहे. वैशेषिक दर्शनावरील ‘दशपदार्थशास्त्र’ हा ग्रंथ तर बौद्धांचाही नव्हे. त्याचे संस्कृत मूळ गेले, चिनी भाषांतर राहिले. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम याने ह्युएनत्संगाच्या वर्णनावरून मैल मोजत मोजत नालंदेची जागा निश्चित केली. पुण्याचे पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी चिनी भाषांतराच्या आधारे ‘विमुत्तिमग्ग’ या लुप्त ग्रंथाचा ‘विसुद्धिमग्गा’शी तौलनिक अभ्यास केला आणि १९३७ मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्याच पूर्वजांचे बोलणे ऐकण्यासाठी मराठी पंडिताला चिनी शिकावे लागले, ही खेदाची गोष्ट म्हणावी की कृतज्ञतेची, ते ज्याने त्याने ठरवावे. मला ती कृतज्ञतेची वाटते.

छांगआनचे वैभवही टिकले नाही. ७५५ मध्ये आन लूशानचे बंड झाले, ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने नगर लुटले, ८८१ मध्ये ह्वांग चाओ आला. अखेर ९०४ मध्ये चू वेन या सेनापतीने सम्राटाला लोयांगला हलवले आणि छांगआनमधील राजवाडे, कचेऱ्या, घरे मोडून त्यांची लाकडे वेई आणि पीत नदीतून वाहवत नेली. नगर लाकूड आणि मातीचे होते, हे मी आरंभी सांगितले. लाकूड गेले, माती मातीला मिळाली. तांग नगरातील जे थोडे जागच्या जागी उभे राहिले, त्यांत दोन विटांचे मनोरे होते. दोन्ही मनोरे भारतातून आणलेल्या ग्रंथांशी जोडलेले आहेत. दुसरा, छोटा मनोरा ७०७ ते ७०९ या काळात ज्या विहारात बांधला गेला, तेथे समुद्रमार्गे नालंदेला जाऊन आलेला इत्सिंग भाषांतर करीत असे.

तिसरी गोष्ट उरली ती दगडाची. ८३७ मध्ये तांग दरबाराने राजविद्यापीठात बारा अभिजात ग्रंथ शिळांवर कोरून उभे केले. ११४ शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेली सुमारे साडेसहा लाख अक्षरे. हेतू असा की, हाताने नकलताना चुका वाढत जातात. विद्यार्थ्याने येथे यावे, आपली प्रत शिळेशी ताडून पाहावी. शिळेवर ओला कागद चिकटवून त्यावर शाईची पुरचुंडी हलकेच थोपटली की, काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे उमटतात. असा ठसा घेऊन ग्रंथ घरीही नेता येई. नगर उजाड झाल्यावर उरलेले छोटे नगर आतल्या भागापुरते आखले गेले आणि शिळा तटाबाहेर रानात पडल्या. त्यांना वाचवले कोणी? प्रथम दहाव्या शतकात स्थानिक अधिकाऱ्यांनी त्या आत आणल्या. पुढे १०८७ मध्ये ल्यू दाझोंग या अधिकाऱ्याने त्या एकत्र आणून नीट मांडल्या. आजचे शिआनमधील ‘शिळांचे अरण्य’ हे संग्रहालय आपला आरंभ त्या वर्षापासून मोजते. सीरियाई लिपीतील नावे असलेली, ७८१ मधील ख्रिस्ती शिळाही आज तेथेच आहे.

दगडही अमर नसतो. २३ जानेवारी १५५६ रोजी वेई खोऱ्यात जो भूकंप झाला, तो मानवी इतिहासातील सर्वांत प्राणघातक मानला जातो. चिनी नोंदींप्रमाणे ८ लाख ३० हजार माणसे गेली. लोएसच्या कड्यांत कोरलेल्या गुहाघरांत लोक राहत. जी माती त्यांना पोसत होती, तीच अंगावर कोसळली. छोट्या मनोऱ्याचे वरचे दोन मजले पडले, अनेक शिळा दुभंगल्या. मग ठशांच्या आधाराने गेलेली अक्षरे नव्या, लहान शिळांवर कोरून बाजूला लावली गेली. शिळेवरून कागद झाला होता. आता कागदावरून शिळा झाली.

मिंग काळात, १३६९ मध्ये, या नगराला शिआन हे नाव मिळाले आणि पुढच्या काही वर्षांत १३.७ किलोमीटर घेराचा, बारा मीटर उंचीचा तट बांधला गेला. तांग नगराच्या सातव्या हिश्श्याएवढेच क्षेत्र त्यात मावते. विसाव्या शतकात तट पाडून टाकण्याचा विचार झाला होता. १९६१ मध्ये त्याला राष्ट्रीय संरक्षण मिळाले आणि १९८३ पासून मोठी दुरुस्ती झाली. आज शिआन हे शेन्शी प्रांताची राजधानी असलेले, २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ३० लाख वस्तीचे महानगर आहे. २०१४ मध्ये दोन्ही रानहंस-मनोरे, हान आणि तांग राजवाड्यांची स्थळे आणि ह्युएनत्संगाची समाधी यांचा रेशीममार्गाच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता येतो. ग्रंथसंस्थेचे उरते काय? छांगआनचा अनुभव पाहता, एका कपाटात राखलेले उरत नाही. राजवाड्याचे कपाट असले तरीही. उरते ते नकलले गेलेले, सूचीत नोंदलेले, दुसऱ्या भाषेत उतरलेले आणि पडझडीच्या वेळी कोणीतरी उचलून आत आणलेले. श्याओ ह, ल्यू श्यांग, ह्युएनत्संग, ल्यू दाझोंग यांनी चार वेगळ्या काळांत ही चार कामे केली.

आपल्या ग्रंथालयापुढेही हीच चार कामे आहेत. आपल्याकडे असे जुने मराठी ग्रंथ आणि नियतकालिकांचे अंक असतील, ज्यांच्या प्रती अन्यत्र मिळणे कठीण. त्यांची वर्णनात्मक सूची व्हावी आणि ती इतर ग्रंथालयांच्या हाती पडावी. त्यांच्या छायाप्रती, संगणकीय प्रती होऊन त्या एकाहून अधिक ठिकाणी ठेवल्या जाव्यात. घरोघरी वडिलांच्या पश्चात रद्दीत जाणारे संग्रह आपण मागून आणावेत. आणि चौथे काम सर्वांत अवघड आहे. आपल्या घरातील तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, पण वाचते हिंदी. शेजारी तर हिंदीच वाचतात. या शहरात मराठी माणसाने जे लिहिले, त्यातले हिंदीत किती उतरले, आणि माळव्याच्या बोलीतले, हिंदीतले किती आपण मराठीत आणले? भाषांतराने भाषा उणी होते, अशी भीती काहींना वाटते. संस्कृताचे तसे झाले नाही. जे चिनीत गेले, त्यामुळे संस्कृताचेच हरवलेले धन पुन्हा हाती आले.

विद्येचा आदर करणारे देश दोनच, मगध आणि मालव, असे एका परदेशी वाचकाने चौदाशे वर्षांपूर्वी छांगआनमध्ये बसून लिहून ठेवले. त्या शब्दाला आपण जागावे, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने प्रार्थना करतो.